बर्फाची फटफटी आणि आमची पांजणी

मला एका गाडीचा हेवा वाटतो. आडून बोलायची सवय नाही, पत्रकं लिहून लिहून हात तसाच बसला आहे, म्हणून सरळ सांगते. ती गाडी मी डोळ्यांनी पाहिलेली नाही, तिचे फक्त फोटो पाहिले. तिला चाकं नाहीत. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रबराचा फिरता पट्टा, आणि पोटात आपल्या स्कूटरसारखंच पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून पिणारं इंजिन. ती बर्फावर पळते. वर्षातून एकदा तिची जत्रा भरते, तेव्हा तिच्यासाठी मोठ्या रस्त्यावरच्या मोटारी थांबतात.

हे वाक्य वाचून तुम्हाला काही वाटलं नसेल. आमच्या गल्लीत जन्म झाला असता तर वाटलं असतं.

आमची गल्ली नागपुरातल्या विणकरांची. घरोघरी हातमाग, आणि मागाइतकीच महत्त्वाची घरापुढची गल्ली. कारण साडीचं उभं सूत, म्हणजे ताणा, घरात मावत नाही. तो गल्लीत कात्रीसारख्या बांधलेल्या बांबूच्या कैच्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायचा, त्याला खळ लावायची आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी लांब कुंचे फिरवत चालत राहायचं. याला पांजणी म्हणतात. ती सकाळीच करावी लागते, ऊन चढायच्या आत. एकदा खळ लावली की थांबता येत नाही. मध्येच थांबलं तर सूत एकमेकांना चिकटतं, आणि ओल्या सुतावर धूळ बसली तर माग पुढे प्रत्येक ठोक्याला तटतट धागे तोडतो. म्हणून गल्लीचा एक कायदा होता, कोणी न लिहिलेला. ताणा लागला की कोणी ओलांडायचा नाही. लग्नाची वरात आली तरी ती बाहेरून वळसा घेऊन जायची. पोरं वाकून खालून जायची. ज्याचा ताणा नसेल तोही घरातून उठून कुंचा धरायला यायचा.

मग धान्याचा ठोक बाजार कळमन्याला सरकला आणि जुन्या बाजारातून तिकडे जाणाऱ्या ट्रकवाल्यांना आमच्या गल्लीचा शोध लागला. चौकातली गर्दी टळते म्हणे. सकाळच्याच वेळी, हॉर्न वाजवत. त्यांना कसला ताणा आणि कसली खळ. माझ्या बाबांचा एक ताणा चाकाखाली गेला. दुसरा गेला नाही, पण वाचलाही नाही. ट्रक जाऊ द्यायला तो घाईने उचलावा लागला आणि ओलं सूत दोरखंडासारखं पिळून बसलं. त्या दिवशी बाबा कोणाला शिव्या देतील असं मला वाटलं होतं. ते नुसते म्हणाले की दिवाळीपर्यंत पाहतो, नाही तर माग उतरवतो आणि कोराडीला जातो. कोराडीला म्हणजे वीज केंद्रावर ठेकेदाराकडे, राख उपसायला. गल्लीतले कितीतरी बाप तसे आधीच गेले होते. संध्याकाळी बसमधून उतरायचे तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या.

म्हणजे गल्लीची सकाळ परत मिळाली तर बाबांचा माग राहणार होता, नाही तर जाणार होता. एवढीच गोष्ट होती, आणि ती माझी लढाई आहे असं मी ठरवून टाकलं.

मी तेव्हा एका कामगार समितीच्या ऑफिसात जात असे. तिथे मला स्टेन्सिल कापायला, पत्रकं छापायच्या सायक्लोस्टाइल यंत्राचं हँडल फिरवायला आणि चार ओळींत माणूस पेटवायला शिकवलं होतं. पेटवायला म्हणजे तसं सांगितलं होतं. मी पत्रकावर पत्रक काढलं. ‘रस्ता कोणाचा?’, ‘धान्य मोठं की माणूस?’, ‘विणकरा, जागा हो!’ विणकर जागाच होता, पहाटेपासून उठून ट्रकची वाट बघत खळ ढवळत होता. माझ्या सभेला शेजारच्या दोन बायका, एक म्हातारा आणि कोणाची तरी शेळी यायची. पत्रकं तर्री-पोह्याच्या ठेल्यावर पोचायची आणि तिथून पोह्याखाली. महापालिकेने अर्ज घेतला आणि रस्ता सार्वजनिक आहे असं कळवलं. मला नवीन काय कळवलं, रस्ता सार्वजनिक आहे हेच तर मी ओरडत होते.

बाबा एकाही सभेला आले नाहीत. सभा आमच्या ओट्यापासून चार पावलांवर असायची.

आणि अशात दादा आला.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. मागावर त्याचं मन कधीच बसलं नाही. आयटीआय करून स्कूटरच्या गॅरेजात लागला, मग कोणाच्या ओळखीने फिटर म्हणून कॅनडात गेला. तिथे बरीच वर्षं राहून आता सुट्टीवर आला होता. सोबत चॉकलेटं आणली, आईला स्वेटर आणलं. नागपुरात स्वेटर! आणि एक स्लाइड दाखवायचं यंत्र आणलं. त्याने गल्लीत नुसतं सांगितलं की संध्याकाळी दिवेलागणीनंतर मारुतीच्या देवळाशेजारी फोटो दाखवतो, आणि अख्खी गल्ली लोटली. सतरंज्या कमी पडल्या. बाबांनी स्वतःच्या हातच्या विणीचं पांढरं कापड पडद्याला दिलं आणि सगळ्यांच्या पुढे मांडी घालून बसले.

मी मागे भिंतीला टेकून उभी होते. आईने एकदा वळून पाहिलं आणि लगेच मान फिरवली.

पहिल्याच चित्रात ती होती. पिवळी धमक, नाक गोल, समोरचा दिवा एकच, आणि तिच्यावर जाड्या भरड्या एकसंध सूटमध्ये बसलेला माझा दादा, हसताना तोंडातून वाफ सोडणारा. चारी बाजूंनी पांढरं, इतकं पांढरं की बाबांचं कापड कुठे संपतं आणि बर्फ कुठे सुरू होतो ते कळेना. गल्लीने तिथल्या तिथे तिचं बारसं केलं, बर्फाची फटफटी.

दादा बोलायला लागला की गॅरेजातला दादाच बोलतो, हात पुसत पुसत. त्याने सांगितलं की सुरुवातीला ही गाडी अशी चिमुकली नव्हती. बसएवढी होती, पुढे घसरपट्ट्या, मागे पट्टे. बर्फात रस्ते बुजायचे तेव्हा तिच्यातून डॉक्टर जायचा, टपाल जायचं, शाळेची पोरं जायची. ज्याने ती काढली त्याचं स्वतःचं मूल बर्फाने वाट अडवल्यामुळे दवाखान्यात पोचू शकलं नाही, असं तिकडचे लोक सांगतात. पुढे सरकारने मोठे रस्ते बर्फ ढकलून मोकळे ठेवायला सुरुवात केली, मग बसची गरज संपली. इंजिनं हलकी झाली, आणि त्याच माणसाने एकदोघांपुरती छोटी गाडी केली. ती आधी शिकारी आणि मिशनऱ्यांसाठी होती. पण पोरांनी तिच्यावर बसून पाहिलं आणि काम बाजूला राहिलं, खेळ सुरू झाला. साठ-सत्तरच्या दरम्यान तर जो उठला तो ही गाडी बनवायला लागला. नांगर करणारे, होड्या करणारे, गवत कापायची यंत्रं करणारे, सगळे. प्रत्येकाचा रंग वेगळा, कोणाची पिवळी, कोणाची जांभळी, कोणाची काळी. गोठलेल्या तलावावर शर्यती. मग पेट्रोल महागलं, एकदोन हिवाळ्यांत बर्फही कमी पडला, आणि निम्म्याहून जास्त कारखाने मिटले. गाड्या शेतकऱ्यांच्या गोठ्यांत जाऊन पडल्या.

दादाची पिवळी अशाच एका गोठ्यातली. तिच्या सीटमध्ये कोंबडीने अंडी घातली होती. कंपनी कधीच बुडालेली, सुटे भाग मिळत नाहीत. त्याने हिवाळाभर बसून तिचा कार्ब्युरेटर साफ केला, पिस्टनची रिंग दुसऱ्याच कोणत्या गाडीची घासून बसवली, आणि दोरी ओढताच ती सुरू झाली तेव्हा जो वास आला तो थेट नागपूरच्या गॅरेजचा होता म्हणे. “डोळे मिटले तर वाटे, आता कोणी चहा घेऊन येईल,” तो म्हणाला. लोक हसले. मीही हसले असते, पण मला त्या वाक्याचाही हेवा वाटला. इतकं साधं वाक्य माझ्या एकाही पत्रकात नव्हतं.

मग जत्रेचे फोटो आले. गोठलेल्या तलावावर ओळीने उभ्या जुन्या गाड्या, अगदी पोळ्याला बैल उभे करतात तशा. जाकिटांवर जुन्या गाड्या जपणाऱ्यांच्या क्लबचे बिल्ले. एका झोपडीत शेगडी आणि मोठ्या पातेल्यात रस्सा. सगळ्यात जुनी गाडी जो चालवत आणेल त्याला ढाल. बाबांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. या गाड्या आता काय काम करतात, असं विचारलं. दादा म्हणाला, “काहीच नाही बाबा. शौक हाय लोकायचा. जुनं हाय म्हणून जपतात.”

बाबा पुन्हा पडद्याकडे पाहू लागले. मी बोलले. माझ्याने राहवतच नव्हतं. मी मागून विचारलं, ज्यांचा मुळात तो बर्फ, त्या उत्तरेकडच्या मूळ लोकांचं काय झालं? दादाने प्रामाणिकपणे सांगितलं. ते कुत्र्यांच्या गाडीने शिकारीला जायचे. ही गाडी आली तशी कुत्री गेली, आता शिकारीला लवकर पोचतात पण पेट्रोलसाठी दुकानदाराच्या तोंडाकडे पाहावं लागतं. मी म्हटलं, म्हणजे एकाचा शौक आणि दुसऱ्याची गळचेपी, हे लिहून ठेवा. पुढून एक आजोबा म्हणाले, “बस ना वं बाई, फोटो पाहू दे.” सगळे माझ्यावर हसले आणि दादाने यंत्राचं बटण दाबलं.

आता जे चित्र आलं त्यावरच पुढचं सगळं घडलं, म्हणून नीट सांगते. चित्रात माणूस नव्हता, गाडी नव्हती. नुसतं पांढरं मैदान आणि त्यावरून दूरवर गेलेल्या सरळ, समांतर, बारीक रेघा. कडेने ठरावीक अंतरावर काठ्या रोवलेल्या. समोरच्या घरातली काकू, बाबांच्या पांजणीला कायम दुसरा कुंचा तिचा असायचा, ती पदर सावरत उठून पडद्याजवळ गेली.

“अव माय,” ती म्हणाली, “एवढा लांब ताणा कोणाचा गा? आणि खळ किती लावली, सारं पांढरं झालं.”

कोणी हसलं नाही. सगळ्यांना तेच दिसत होतं. मलासुद्धा. काठ्या म्हणजे कैच्या, रेघा म्हणजे सूत. एक जण म्हणाला की सूत जमिनीला टेकवलंय, नवशिका दिसतो. दादालाच समजायला वेळ लागला. मग त्याने सांगितलं की ही वाट आहे, गाड्यांच्या घसरपट्ट्या जाऊन जाऊन उमटलेली. काठ्या क्लबने जमीन गोठायच्या आधी रोवलेल्या, वाट चुकू नये म्हणून. वाट सगळी शेतकऱ्यांच्या शेतांतून जाते, मधे हायवे लागतो. जत्रेच्या दिवशी क्लबचा माणूस तिथे उभा राहतो आणि मोटारी थांबतात.

काकूने विचारलं, काहून थांबतात? मालक असतात का हे लोक त्या शेताचे?

दादा म्हणाला, कोणीच मालक नाही. आधी भांडणंच होती. गाड्यांचा आवाज, तोडलेली कुंपणं, तुडवलेली पिकं. शेतकऱ्यांनी साखळ्या लावल्या. मग क्लबवाले वारीसारखा नेम धरून दर हिवाळ्याआधी घरोघर जायला लागले. प्रत्येक शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात बसून कॉफी प्यायची, काही घरचं गोड न्यायचं, गेल्या वर्षीचं कुंपण दुरुस्त करून द्यायचं, आणि मगच विचारायचं. जो नाही म्हणेल त्याच्या बाजूने वळसा. लेखी काही नाही.

काकू परत जाऊन बसली. पण तिने जाता जाता बाबांकडे पाहिलं आणि बाबांनी तिच्याकडे, आणि मला तिथेच कळलं की माझी लढाई माझ्या हातातून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू, आणखी चारपाच बायका, बाबा आणि दादा ट्रकवाल्यांच्या अड्ड्यावर निघाले. चिवड्याचा डबा घेऊन. चिवड्याचा! मी वाटेत सांगून पाहिलं की ज्यांनी आपला ताणा चिरडला त्यांना चिवडा खाऊ घालणं म्हणजे शरणागती आहे. काकू म्हणाली, “तू नको खाऊ.” मी मागे मागे गेले. मला न जाणं परवडणारं नव्हतं.

अड्ड्यावर अर्धा तास कोणी ट्रकचं नावही काढलं नाही. ड्रायव्हरांना त्या फटफटीचंच कौतुक. स्टिअरिंग कसं, ब्रेक कुठे, बर्फ फुटला तर? दादाने सांगितलं की बर्फ पातळ असला तर गाडी माणसासकट तळ्यात जाते, दर वर्षी कोणी ना कोणी जातंच, आणि बहुतेक दारू पिऊन. त्यावर सगळे गंभीर झाले, कारण तो धंद्यातला विषय होता. मग काकूने ओल्या सुतावर धूळ बसली की काय होतं ते हाताने करून दाखवलं. एक ड्रायव्हर उमरेडचा निघाला, त्याचा बाप विणकर होता आणि आता हमाली करत होता. तो खाली बघत बसला. धान्य व्यापाऱ्यांचा मुकादम तिथेच होता. त्याने डोकं खाजवत हिशेब मांडला आणि कबूल केलं की ज्या दिवशी ताणा असेल त्या दिवशी आदल्या संध्याकाळी सांगा, सकाळी ऊन चढेपर्यंत ट्रक चौकातून जातील. चुकून एखादा आलाच तर तोंडाशी थांबेल.

बाबांनी हात जोडले. आणि मुकादमाने माझ्याकडे बोट केलं. “पण हिचे ते कागद बंद. शेठ लोकायले राग येते. एक बी कागद निघाला तं आपली बात खतम.”

सगळे माझ्याकडे वळले. माझ्या पिशवीत त्या वेळी कापलेलं स्टेन्सिल होतं, मथळ्यासकट. या भेटीनंतर लगेच काढायचं, विजय असो की पराजय, असं मी ठरवून निघाले होते.

घरी येऊन भांडण झालं ते माझ्यात आणि बाबांत. मी म्हटलं, हा हक्क आहे, मेहरबानी नाही. मेहरबानी उद्या मुकादम बदलला की संपते. माझं म्हणणं तेव्हाही बरोबर होतं, आजही बरोबर आहे, आणि मी ते सोडलेलं नाही. दादा मध्ये पडला. म्हणाला, तिथेही असंच चालतं, कोणाचा अपमान न करता. मी म्हटलं, तुझं बरं आहे, तुझ्या लोकांना बर्फावर मजा मारायला वाट पाहिजे. नाही मिळाली तर ते घरी बसून टीव्ही पाहतील. आमच्या लोकांना नाही मिळाली तर ते राख उपसतील. जुनं झालं म्हणून तुमची गाडी ढाल जिंकते आणि जुना झाला म्हणून आमचा माग भंगारात काढा म्हणतात. कोणाला सांगतो तू सभ्यपणा?

दादा उठून ओट्यावर जाऊन बसला. त्याला ते लागलं असावं, आणि लागलं याचा मला आनंद झाला.

बाबा कैच्यांच्या दोऱ्या सोडवत बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “तू लिहिते ते खोटं नाही वं. पण मले आधी ताणा लावू दे. मग लिही, लय लिही. माग उतरल्यावर लिहून काय करशील?”

इतक्या दिवसांत माझ्या लिहिण्याबद्दल ते बोललेलं हे पहिलं वाक्य. मी स्टेन्सिल पेटीत टाकलं. फाडलं नाही. माग चालू आहे तोवर ते तिथे राहील एवढंच मी कबूल केलं, आणि तेही दात चावून.

ताणा लागायच्या आधीच दादाची सुट्टी संपली. स्टेशनवर अर्धी गल्ली. कोणी विचारत होतं, फटफटीला आमचा नमस्कार सांगशील ना गा. जाताना त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की क्लबच्या जत्रेत रस्त्यावर उभं राहायला कोणी तयार नसतं, थंडीने बोटं झडतात, सगळ्यांना गाडी चालवायची असते. मला वाटलं हा माझी समजूत काढतोय.

पण त्याचं खरं ठरलं. ताणा लागला त्या सकाळी गल्लीत सगळ्यांना काम होतं. काकूच्या हाती कुंचा, बाबांच्या हाती कुंचा, आई खळीपाशी, बाकीच्या कैच्या धरून. आणि गल्लीच्या चौकाकडच्या तोंडाशी कोणीतरी हवंच होतं, कारण मुकादमाचा शब्द सगळ्या ड्रायव्हरांपर्यंत पोचला असेल यावर माझा विश्वास नव्हता. गल्लीचा विश्वास होता. मी जाऊन उभी राहिले.

ऊन अजून कोवळंच होतं आणि एक ट्रक आलाच. पोत्यांनी लादलेला, नवा ड्रायव्हर, शब्दबिब्द काही माहीत नसलेला. त्याने हॉर्न दिला. मी हलले नाही. त्याने मान बाहेर काढून हिंदीत विचारलं की काय तमाशा आहे. मला सगळं आठवत होतं, ‘रस्ता कोणाचा’पासून पुढे सगळं, अगदी जिभेवर होतं. मागे वळून पाहिलं तर बाबा आणि काकू गल्लीच्या मध्यावर पोचले होते, पाठ वाकवून, एकाच चालीने, आणि त्यांच्या मध्ये सूत ओलं चमकत होतं. दोघांनीही मान वर केली नाही. ट्रक आल्याचं त्यांना ऐकू आलं नसेल असं शक्यच नाही.

मी त्याच्या दाराशी गेले.

“इंजन बंद कर गा भाऊ,” मी म्हटलं. “धूळ उडून राहिली. माझ्या बापाचं सूत वाळून राहिलं.”

“कितना टाइम?”

“वाळंल तवा वाळंल.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, गल्लीकडे पाहिलं, आणि इंजिन बंद केलं.